फायलीतील कविता

पेण आणि रोहा या गावांत माझी वाचनाची घडण झाली. मराठीत अनुवादित झालेली स्वस्त सोव्हिएत पुस्तके तिथवर पोहोचत असत. त्यांतील रशिया मी मनःपूर्वक वाचला. मॉस्कोच्या मध्यवस्तीतील लुब्यांका चौक मात्र त्या वाचनात कुठेच नव्हता.

तुरुंग म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे अलिबागचा हिराकोट येई. आंग्रेकालीन कोट, पुढे कारागृह झालेला. त्याचे काळे चिरे आपले काम लपवीत नाहीत. लुब्यांकाची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘रोसिया’ या विमा कंपनीसाठी उभी राहिली. क्रांतीनंतर ती चेका या गुप्त पोलीस यंत्रणेच्या ताब्यात गेली आणि तिच्या पोटात तुरुंग झाला. दर्शनी रूप कचेरीचेच राहिले. १९५७ मध्ये त्याच चौकात खेळण्यांचे ‘देत्स्की मीर’ हे भव्य दुकान उघडले.

ओसिप मांडेलश्तामने स्तालिनवरची आपली कविता कागदावर ठेवली नव्हती. मोजक्या विश्वासू मंडळींना ती ऐकवली होती. मे १९३४ मध्ये त्याला अटक झाली आणि चौकशीत त्याने ती स्वहस्ते लिहून दिली. तो कागद फायलीत जपला गेला. कवी १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मरण पावला. इसाक बाबेलच्या बाबतीत याच्या उलट घडले: १९३९ मध्ये अटकेच्या वेळी जप्त झालेली त्याची हस्तलिखिते आजवर सापडलेली नाहीत.

संहिता स्वायत्त असते, असे आपण शिकलो आणि शिकवले. या कागदापुढे ते विधान अपुरे पडते. मित्रांसाठी जी कविता होती, तीच अक्षरशः तशीच चौकशी अधिकाऱ्यासाठी कबुलीजबाब ठरली. शब्द बदलले नाहीत, वाचक बदलला. आणि हा वाचक अर्थाबरोबर कवीच्या आयुष्याचाही निर्णय करणारा होता.

३० ऑक्टोबर १९९० रोजी त्या चौकात बळींच्या स्मरणार्थ सोलोवेत्स्की बेटांवरून आणलेली शिळा बसवली गेली. चेकाचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा ऑगस्ट १९९१ मध्ये हटला. इमारत सुरक्षायंत्रणेकडेच राहिली.

ती जुनी पुस्तके मी टाकून दिलेली नाहीत. त्यांनीच मला वाचक केले. मात्र आता प्रत्येक पुस्तकापाशी एक प्रश्न विचारतो: हे छापले गेले, त्या वर्षी काय जप्त झाले?