गाडीवरचे सामान

सेवानिवृत्तीनंतर मला एक छंद जडला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, आपल्या मुलखात फिरणाऱ्या बैलगाड्यांच्या लहान लाकडी प्रतिकृती मी करतो. एका फुटास एक इंच हे माझे प्रमाण. चाके, आरे, धाव, साटा, जू असे सारे भाग जुळले, की गाडी तयार होते. परंतु ती बोलत नाही. गाडीला वाचा फुटते ती तिच्यावरील सामानाने!

प्राचीन कारागिरांनाही हे ठाऊक असावे. १९७४ साली अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे काशाचा एक रथ सापडला. त्याला दोन बैल जोडलेले असून रथात एक पुरुष उभा आहे. त्या पुरुषामुळेच तो रथ कोठेतरी निघालेला वाटतो.

सामान भरावयाचे, तर आधी काळ पाहावा लागतो. त्या काळच्या गाडीवर प्लास्टिकचा डबा किंवा नायलॉनची दोरी शोभणार नाही. तेथे हवी घोंगडी, वळकटी, फिरकीचा तांब्या, सुंभाची दोरी आणि साट्याखाली टांगलेला वंगणाचा नळा. जुन्या धोतराचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळविला, की पोत्यासाठी छान मळकट कापड मिळते. त्या पोत्यात मी बारीक वाळू भरतो. कापूस भरला, तर पोते उशीसारखे फुगते. धान्याचे पोते मात्र खाली बसते आणि त्याचे दोन कान वर राहतात.

मालाचा स्वभावही ओळखावा लागतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापूस हलका, म्हणून त्याची गाडी उंच भरलेली दाखवावी. मीठ जड, त्याची रास साट्याच्या फार वर जाता कामा नये. ओझे पुढे अधिक झाले, तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार पडतो. मागे अधिक झाले, तर ती उलाळ होऊन जू वर उचलले जाते. चांगला गाडीवान ओझे आसावर तोलून धरी. तो आणखी एक गोष्ट विसरत नसे, ती म्हणजे कडब्याच्या पेंढ्या. स्वतःच्या शिदोरीआधी बैलांची शिदोरी!

माझ्या फळीवर दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींची चाके सारखी, बैल सारखे. पहिलीत घोंगडी, टाळ आणि भाकरीचे गाठोडे आहे. दुसरीत घोंगडी, रिकामी मडकी आणि एक दगडी जाते आहे. पाहावयास येणाऱ्या मुलांना मी एवढेच विचारतो, "ही माणसे कोठे निघाली असतील?" पहिल्या गाडीचे उत्तर चटकन मिळते : पंढरपूरला! दुसरीपाशी मुले थबकतात. मग एखादी चुणचुणीत मुलगी हळूच म्हणते, "यात्रेला कोणी जाते नेत नाही. ही माणसे घर सोडून चालली आहेत."

तिचे उत्तर खरे असते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा मोठा भाग होरपळून काढला. सातारा जिल्हाही त्यातून सुटला नाही. आपले शिराळा तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. किती कुटुंबांनी गाव सोडले! ज्यांचे बैल जगले, त्यांनी गाडी जुंपली. बाकीचे पायीच निघाले. दळायला दाणा नसताना ते जड जाते कोणी का नेले असेल? पुन्हा कोठेतरी चूल पेटेल, पहाटे पुन्हा घरघर ऐकू येईल, ही आशा त्या दगडात होती.

मुलांनो, राजांच्या लढायांच्या सनावळ्या तुम्ही पाठ करताच. परंतु सामान्य माणसाचा इतिहास पुष्कळदा त्याच्या गाठोड्यात बांधलेला असतो. घरातील जुनी पेटी, तांब्या, कंदील अडगळीत टाकण्यापूर्वी आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, हे आपल्याकडे कोठून आले?" त्या प्रश्नाने एक गाडी भरू लागेल.