उजवीकडचा पिस्टन

परवा चाकणहून येताना सिग्नलला शेजारी एक नवीकोरी ट्रायम्फ येऊन थांबली. जुलै 2023 मध्ये बजाजने चाकणच्या कारखान्यात बनवलेली स्पीड 400 बाजारात आणली, तेव्हापासून मोशीतल्या पोरांच्या तोंडी हे नाव बसलंय. मला मात्र दरवेळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली आमची ट्रायम्फ आठवते. इंग्लंडात मेरिडेनला बनलेली, 1952 सालची टायगर 100. पाचशे सीसी, दोन सिलिंडर, आणि नावातले 100 म्हणजे ताशी शंभर मैल!

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती 1969 साली लष्करातल्या एका साहेबाकडून घेतली. नाना तेव्हा भोसरीत टर्नर होते. गाडीबरोबर एक लाकडी खोका आला, आणि खरा खजिना त्यातच होता. त्या काळी ट्रायम्फ कंपनी या गाडीसाठी रेसिंग किट विकायची: दोन अमल कार्ब्युरेटर, रेसिंगचे कॅमशाफ्ट, जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन, कडक स्प्रिंगा, मेगाफोन सायलेन्सर. नानांनी सगळं गाडीला चढवलं. फक्त डावीकडच्या कार्ब्युरेटरचा मेन जेट गायब होता. परदेशातून मागवायची सोय नव्हती, मग त्यांनी पितळेच्या तुकड्यातून लेथवर स्वतः जेट बनवला.

मेन जेट म्हणजे बारीक भोक असलेला एवढासा स्क्रू. पण पूर्ण वेगात इंजिनाला पेट्रोल किती मिळणार हे त्या भोकावर ठरतं. भोक लहान पडलं, की मिश्रणात हवा जास्त होते, पिस्टन तापतो आणि शेवटी वितळतो.

1974 साली नाशिक रस्त्यावर तेच झालं. धडधड, धूर, आणि गाडी ट्रकमध्ये घालून घरी. "माझ्या जेटनं इंजिन खाल्लं," असं म्हणून नानांनी तिच्यावर गोणपाट टाकलं. इंजिन उघडलंसुद्धा नाही. नोकरीत निवृत्तीपर्यंत हजारो पार्ट बनवले, पण घरच्या, आपल्या हौसेच्या कामासाठी लेथला पुन्हा कधी हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आपल्याला नाय जमत बारीक काम."

गेल्या वर्षी मी गोणपाट काढलं. पहिल्याच दिवशी कळलं की घरातला एकही मेट्रिक पाना या बोल्टांना बसत नाही. जुन्या बाजारात फिरून व्हिटवर्थचे पाने जमवले. सुट्या केलेल्या प्रत्येक वस्तूवर रंगाने डा आणि उ लिहिलं, फोटो काढले. आणि दिवाळीच्या आधी एका रात्री हेड उतरवलं.

एका पिस्टनच्या डोक्यावर रुपयाएवढं भोक होतं. दुसरा धडधाकट.

भोक उजवीकडच्या पिस्टनला होतं. नानांचा जेट डावीकडे!

मी फोटो तीनदा तपासले. मग दोन्ही जेट घेतले. अमलच्या जेटवरचा आकडा मिनिटाला किती द्रव वाहतो यावरून ठरतो, म्हणून बाटली, नळी आणि घड्याळ घेऊन मोजत बसलो. कंपनीचा आणि नानांचा जेट जवळजवळ सारखेच निघाले. मग उजवा पिस्टन गेला कशाने? मॅग्नेटो परत जोडून क्रँकला अंशांची चकती लावली, तर उजव्या सिलिंडरचा स्पार्क डाव्याच्या पाच अंश आधी पडत होता. आतली कॅम रिंग झिजली, की या मॅग्नेटोंमध्ये हे होतं. त्यात जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन आणि त्या काळचं पेट्रोल.

सकाळी नानांना सांगितलं. नाना आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी पिस्टन हातात घेऊन भोकावरून अंगठा फिरवला.

"कोणच्या बाजूचा म्हणलास?"

"उजव्या, नाना."

"आन् जेट?"

"डावीकडं."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, खूश होतील. तसं काही झालं नाही. "एकदा उघडून बघायला पायजे होतं," एवढंच म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पन्नास वर्षांचा गैरसमज दूर करताना ती पन्नास वर्षं आपण परत देऊ शकत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता इंग्लंडहून नवीन जेट मिळतात, तेही फार महाग नाहीत. मी मागवणारच होतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे जेट थोडे मोठेच लागणार, हे मी जेवताना सहज बोललो.

नानांनी ताटावरून मान वर केली. "किती मोठं?"

"बघावं लागेल, थोडं थोडं वाढवून."

"मग मागवू नको. भोसरीत कोणाचा लेथ रिकामा असतो का रविवारी, इचार."

येत्या रविवारी जातोय. हात थरथरतो त्यांचा, जेट जमेल की नाही माहीत नाही. नाहीच जमला तर इंग्लंडचा आहेच. असो.