दुखत नाही, तेच दाखवा

गावोगावच्या शिबिरांत मी आधी दात बघत नाही. समोरच्याला त्याचीच तीन बोटं जोडून, उभी धरून तोंडात घालायला सांगते. एकदा दुधाच्या गाडीवरचा तरुण ड्रायव्हर दाढ ठणकते म्हणून आला. त्याची दोन बोटंही जेमतेम गेली. गालाला आतून बोट लावलं, तर सुतळीसारखे ताठ पट्टे. "तिखट झोंबतं?" "लई. घरात माझी आमटी येगळी करत्यात." राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुडी मात्र त्याच्या खिशात होती. सुपारीमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात आणि तोंड आवळतं. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच वाटेवरचा आजार.

त्याच दुपारी एक मावशी कवळीची चौकशी करायला आल्या. खालचा ओठ ओढला, तर हिरडीलगत पांढरा चट्टा. गॉजने पुसला, निघेना. तंबाखूची मिश्री रोज तिथेच लावायची सवय. "दुखत न्हाई बाई, मग कशाला बघता?"

दुखत नाही, हीच तर अडचण. तंबाखूतली रसायनं पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. बरेचसे घाव शरीर दुरुस्त करतं, काही राहून जातात. वर्षानुवर्षं ते साठले, की वाढीला लगाम घालणारी जनुकंच निकामी होतात आणि पेशी बेबंद वाढू लागतात. ठणका बहुधा फार उशिरा लागतो. म्हणून तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा त्याहून धोक्याचा लाल चट्टा, मानेतली गाठ, गिळताना अडकणं, विनाकारण हलणारा दात, यातलं काहीही दिसलं तर दुखो न दुखो, दाखवायचं.

तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, म्हणून मावशींच्या घरचे आधी तयार नव्हते. समजूत घातल्यावर तपासणी झाली. पेशी बिघडू लागल्या होत्या, कॅन्सर झाला नव्हता. चट्टा काढून टाकला.

सोपं तेवढंच होतं. मिश्री सोडणं अवघड. "मिश्रीबिगर परसाकडं हुत न्हाई," मावशी म्हणाल्या. निकोटीनने आतडी हलतात, तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल असं ठरलं. जखम लवकर भरली. मिश्रीची डबी सुटायला फार दिवस लागले. तरीही त्यांना मी अधूनमधून बोलावते, कारण एकदा चट्टा उठलेल्या तोंडात तो दुसऱ्या जागीही उठू शकतो.