गोल कोण करणार?

भारतीय फुटबॉल संघाचा चाहता असणं म्हणजे एकट्यानं दुःख करणं. क्रिकेटचा संघ हरला की अख्ख्या मोहल्ल्याचा चेहरा उतरतो. फुटबॉलचा हरला तर लोक विचारतात, "अरे, मॅच होती का आज?"

होती. 18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला 1-0 नं हरवलं. याआधी त्यांच्याकडून आपण हरलो होतो 2003 मध्ये, म्हणजे 22 वर्षांपूर्वी. 2027 च्या आशियाई चषकाची आशा तर महिनाभर आधीच संपली होती. पात्रता फेरीच्या आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. इराण नाही, जपान नाही. गटवारीत आपलंच मानांकन सर्वांत वरचं होतं. तरी 5 सामन्यांत आपल्याला 2 गुण आणि 2 गोल एवढंच मिळालं.

हरण्याची आम्हाला सवय आहे. आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाकडून 2-0 नं हरलो, तेव्हा वाईट वाटलं, पण राग आला नाही. समोरचा मोठा होता. राग येतो तो आपल्या बरोबरीच्यांसमोर चेंडू गोलपोस्टपर्यंत जाऊन परत येतो तेव्हा. 2024 या पूर्ण वर्षात आपण 11 सामने खेळलो आणि एकही जिंकलो नाही. त्या 11 सामन्यांत गोल केले 4. त्यातला एक, मलेशियाविरुद्धचा, केला मुंबईच्या राहुल भेकेनं. तो बचावपटू आहे!

म्हणून मार्च 2025 मध्ये निवृत्त सुनील छेत्रीला परत बोलावलं. वय 40. शिलाँगला मालदीवविरुद्ध तो उतरला, त्यानं गोलही केला आणि आपण 3-0 नं जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या, पण आनंदाच्या खाली एक काटा टोचत होता. ज्या देशाला 40 वर्षांच्या माणसाला घरून बोलावून आणावं लागतं, त्या देशात 22 वर्षांची पोरं काय करतायत?

उत्तर आपल्या लीगमध्ये आहे. आयएसएलमध्ये एका संघाला मैदानावर एका वेळी 4 परदेशी खेळाडू उतरवता येतात. क्लबला सामना जिंकायचा असतो, त्यामुळे पुढची जागा, म्हणजे गोल करणाऱ्याची, बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला जाते. आपला पोरगा एक तर विंगवर सरकतो किंवा बाकावर बसून राहतो. क्लबची यात चूक म्हणता येत नाही. पैसा त्यांचा, पराभवही त्यांचा. पण वर्षभर ज्या जागेवर भारतीय खेळत नाही, त्या जागेवर देशासाठी अचानक कोण उभा राहणार? स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवलेल्याला वलिम्याची देग सोपवल्यासारखं आहे हे.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले, तेव्हा जीवात जीव आला. मुंबईच्या क्लबांतून खेळलेला, मुंबई एफसीला अनेक वर्षं सांभाळलेला, छोट्याशा आयझॉलला 2017 मध्ये आय-लीग जिंकून देणारा माणूस. बऱ्याच वर्षांनी संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला होता. पहिल्याच स्पर्धेत आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 नं हरवलं आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरे आलो. ऑक्टोबरात सिंगापूरला जाऊन, दुसरा अर्धा भाग जवळजवळ पूर्ण 10 जणांनी खेळून, 90 व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधून दिली. त्या रात्री वाटलं, दिवस पालटतायत.

मग पाच दिवसांनी मडगावचं फातोर्डा. गोव्याचं मैदान, घरचा सामना, आणि छांगटेनं पहिल्या 15 मिनिटांतच लांबून मारलेला सुरेख गोल. पुढे खेळायचं कसं, हेच जणू आपण विसरलो. सिंगापूरनं मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी केली, मध्यंतरानंतर दुसरा गोल चढवला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात आपल्याला परत जाळं सापडलं नाही. धावले सगळे, घाम सगळ्यांनी गाळला. पण शेवटचा पास कुणाला द्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा भाचा 12 वर्षांचा आहे. अंगात रियल माद्रिदचा शर्ट, तोंडपाठ स्पेनचे खेळाडू. एकदा त्यानं विचारलं, "मामू, तुम्ही आपल्या टीमच्या मॅचेस का बघता? ते तर हरतात." मी म्हटलं, "माद्रिद हरलं तर तू शर्ट बदलशील. मी कुठला बदलू?" तो हसला, पण पटल्यासारखा दिसला नाही. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हिंडण्या-फिरण्याच्या वयात या संघानं त्याला लक्षात ठेवावा असा गोल दिला तरी कुठे?

जुलै 2023 मध्ये आपण फिफाच्या यादीत 99 व्या क्रमांकावर होतो, दोन वर्षांनी 133 व्या. त्यानंतर प्रशिक्षक बदलला, कर्णधार बदलेल, संघ बदलेल. मला विश्वचषक नको, आशियाई चषकाचं तिकीटही लगेच नको. लीगमध्ये दर आठवड्याला प्रत्येक संघानं एक भारतीय पोरगा नऊ नंबरच्या जागेवर खेळवावा, चुकला तरी पुढच्या आठवड्यात परत खेळवावा. एवढं झालं तरी पुढची पाच वर्षं हरलेले सामने बघायची माझी तयारी आहे.