एका शब्दाचा अर्थ

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी पहिला. बाबा चौथीपर्यंत शिकले. आईने शाळेचे तोंड पाहिले ते जेमतेम दोन वर्षे. त्यामुळे वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो. मी तो वाचतो, आणि मी जे सांगेन तोच त्या कागदाचा अर्थ ठरतो. बारावीपर्यंत मला या गोष्टीचा फार अभिमान वाटे. आज जी हकीकत लिहायला बसलो आहे ती मात्र अभिमानाची नाही. ती होडीवर बसवायच्या बॅटरी चार्जरची आहे, आणि त्याच्याबरोबर आलेल्या कागदावरील एका शब्दाची आहे. कला शाखेच्या वार्षिकात बॅटरीचे काय काम, असे कुणी म्हणेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

आंजर्ल्याच्या खाडीकाठी आमचे घर. पुढच्या दारी अंगण, मागच्या दारी होडी. होडी फायबरची, २८ फुटी, ३ सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. आजोबांच्या काळी होडीवर कंदील असे आणि वाट दाखवायला तारे असत. आता दिवे आहेत, वायरलेस आहे, जीपीएस आहे, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर आहे, आणि इंजिन चालू करायला सेल्फ आहे. हा सारा भार एका १२ व्होल्टच्या, १०० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीवर. इंजिन चालू असताना त्याचा डायनामो बॅटरी भरतो हे खरे. पण जाळे टाकले की इंजिन बंद. दिवे मात्र रात्रभर जळत राहतात. पहाटे घरी यायला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात रात्रीचा खर्च भरून निघत नाही. आमच्या घरखर्चासारखेच ते. रोज थोडी उधारी, आणि एक दिवस दुकानदार हात वर करतो.

म्हणून दर चार-आठ दिवसांनी बॅटरी चार्जिंगला न्यावी लागे. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलातून बाबा ती खांद्यावर घेऊन यायचे. वजन पंचवीस-तीस किलोच्या घरात. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांना खांद्यावर भोके आहेत. ती ॲसिडने पडलेली. आई त्यांना ठिगळे लावायचीही आता सोडून दिली आहे.

त्या बॅटरीचे माझ्यावर उपकारही आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. माड आडवे झाले, घरांची कौले उडाली, विजेचे खांब मोडून पडले. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. मी तेव्हा दहावीत गेलो होतो. बाबांनी होडीची बॅटरी घरात आणली आणि तिच्यावर एकच दिवा लावला. तो माझ्या पुस्तकापुढे ठेवला. आई चुलीच्या उजेडात स्वयंपाक करी.

२०२४ च्या जानेवारीत एका रात्री बॅटरीने समुद्रातच मान टाकली. सेल्फ फिरेना, दिवे विझले, वायरलेस मुका झाला. अंधारात दिवे नसलेली होडी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉलरच्या तोंडी दिलेला घास. बाबा आणि दोन खलाशी आळीपाळीने हातातली विजेरी हलवत पहाटेपर्यंत बसले. उजाडल्यावर एका ओळखीच्या होडीने दोर टाकून त्यांना ओढून आणले. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. ती नुसती दारात बसून होती.

मेकॅनिक म्हणाला, “बॅटऱ्या दोन करा. एक फक्त सेल्फला, दुसरी दिव्यांना. आणि चार्जर होडीवरच बसवा. घरातून वायर ओढा, होडी काठाला लागली की प्लग लावा. ही खांद्यावरची वरात बंद करा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले. “तू बघून आण. तुला वाचता येतं.”

पावसाळी बंदीचे, म्हणजे १ जून ते ३१ जुलैचे, दिवस होते. होडी वर ओढून शाकारलेली होती. आईने बचत गटातून पैसे उचलले आणि मी रत्नागिरीला गेलो. दुकानदाराने दोन चार्जर पुढे ठेवले. एक लोखंडी पेटीचा, आत पंखा असलेला, ३० ॲम्पिअरचा. किंमत साडेचार हजार. दुसरा ॲल्युमिनियमचा, चारी बाजूंनी बंद, दोन बॅटऱ्यांसाठी दोन वेगळ्या तारांचा, प्रत्येकी १० ॲम्पिअरचा. किंमत तेरा हजार. तो विचारू लागला, “बॅटऱ्या किती अवरच्या? पाणी भरायच्या की सीलबंद? रात्रभर लावून ठेवणार का?” यातले मला काहीही उमगत नव्हते. पण “मी कॉलेजात आहे” असे मी दुकानात शिरतानाच सांगून बसलो होतो. आता “म्हणजे काय हो?” असे विचारायचे कसे? मी मान डोलावत राहिलो. मनाशी हिशेब केला, तीस हे दहापेक्षा मोठे, आणि साडेचार हे तेरापेक्षा लहान. झाले, मी लोखंडी पेटी उचलली.

एस.टी.त बसून मी बरोबरचा कागद वाचला. त्यात एक ओळ ठळक छापली होती. हा चार्जर ‘फ्लोट चार्जिंग’साठी वापरू नये. फ्लोट म्हणजे तरंगणे, हे तर पाचवीतल्या पोरालाही ठाऊक. मी घरी येऊन ऐटीत सांगितले, “होडी तरंगत असताना हा लावायचा नाही. ओहोटीला होडी चिखलावर बसली की लावायचा.”

बाबा विचारात पडले. “तरंगताना का नको?”

“कागदात लिवलंय तसं,” मी म्हणालो.

एवढे उत्तर त्यांना पुरले. मोबाईलवर शोधले असते तर खरा अर्थ दोन मिनिटांत सापडला असता. पण ज्याला अर्थ कळला आहे असेच वाटते, तो शोधायला जाईल कशाला?

हंगाम सुरू झाला. घरी असतील त्या रात्री बाबा भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून उठू लागले. होडी बसली की प्लग लावायचा, पाणी चढले की काढायचा. कधी रात्री एकला, कधी तीनला. आई म्हणायची, “तान्हं पोर असल्यागत उठतायत.” मी दापोलीला खोलीवर झोपलेला असे.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो. लक्ष्मीपूजनानंतरच्या उधाणाला होडी तळ खरवडण्यासाठी उंचावर घेतली होती. उधाणाला वर घेतलेली होडी भांगाच्या दिवसांत पाण्याला लागत नाही. कार्तिकातली अष्टमी जवळ आली तशी होडी भरतीतही कोरडीच राहिली. मीच म्हणालो, “आता तरंगायचा प्रश्नच नाही. राहू दे लावून.” संध्याकाळी लावलेला प्लग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच राहिला.

दुपारी बाबा होडीवर चढले. तोंडात विडी होती. इंजिनाच्या खणावरची फळी उचलायला ते वाकले आणि थबकले. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. त्यांनी विडी खाडीकडे भिरकावली, खाली उतरले, घरात येऊन आधी बटण बंद केले आणि मगच परत जाऊन फळी उचलली. मी धावत गेलो. दिव्यांची बॅटरी दोन्ही अंगांनी फुगली होती. बुचांतून ॲसिडचा फेस आला होता. हात लावावा तर चटका बसत होता. चार महिन्यांची नवी बॅटरी उकळून मेली होती.

त्या विडीचा अर्थ मला आठवड्याने कळला. कॉलेज उघडल्यावर मी कनिष्ठ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांकडे गेलो. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, “सर, मला यातले काही कळलेले नाही.” सरांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, “बस.”

बॅटरी भरण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत चार्जर पूर्ण जोराने करंट देतो. बॅटरी बरीचशी भरली की दुसरी पायरी. तेव्हा दाब साधारण १४.४ व्होल्टवर स्थिर ठेवतात आणि करंट आपोआप कमी होत जातो. पूर्ण भरल्यावर दाब १३.५ च्या आसपास उतरवून बॅटरी नुसती राखायची, ही तिसरी पायरी. तिचेच नाव फ्लोट. होडीच्या तरंगण्याशी तिचा काडीइतकाही संबंध नाही. आमच्या पेटीला ही पायरी ठाऊकच नव्हती. बॅटरी भरली तरी ती ढकलतच राहिली, आणि कागदावर नेमके तेच लिहिले होते. भरलेल्या बॅटरीत करंट ढकलत राहिले की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. हायड्रोजन हलका, तो फळीखाली साचतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते.

हे ऐकताना मला सर दिसत नव्हते. फळीवर वाकलेले बाबा दिसत होते.

त्याच आठवड्यात आमच्या मराठीच्या तासाला अभिधा आणि लक्षणा शिकवणे चालू होते. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असे म्हटले की वस्ती प्रवाहावर नसते, काठावर असते. तिथे शब्दाचा वाच्यार्थ सोडावा लागतो. सारा वर्ग वहीत उतरवून घेत होता. माझी लेखणी थांबली होती. वाच्यार्थाला चिकटून बसण्याची किंमत मी नुकतीच पाहून आलो होतो.

घरी जाऊन मी बाबांना सगळे सांगितले. कागदाचा अर्थ मी चुकीचा लावला, दुकानात मला काही समजले नव्हते, ओहोटीच्या त्या रात्री तुम्ही फुकट उठलात. बाबा जाळे सांधत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कळलं नव्हतं तर तसं सांगायचं. नव्या पाण्यात गेलो की मी पोरासोरालाही विचारतो, इथं किती वाव पाणी आहे म्हणून. खडकावर चढण्यापेक्षा विचारलेलं बरं.”

मी तीन पायऱ्या समजावल्या तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे भरतीसारखंच की. आधी जोर, मग मंद, मग उभं पाणी.” मी वहीभर लिहिलेले त्यांनी एका ओळीत बसवले.

दुसरा चार्जर आम्ही दोघांनी मिळून आणला. या वेळी दुकानात प्रश्न आम्ही विचारले. पाणी भरायच्या बॅटरीला तिच्या ॲम्पिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका करंट मानवतो, म्हणून १०० च्या बॅटरीला १० ॲम्पिअर. निम्मी रिकामी झाली असेल तर ५० भागिले १०, म्हणजे पाच तास. शेवटचा भाग सावकाश भरतो म्हणून सात-आठ तास धरायचे. “एक रात्र,” बाबा म्हणाले, “मग तीस कशाला हवे होते?” दोन बॅटऱ्यांना दोन स्वतंत्र वाटा हव्यात, म्हणजे दिव्यांनी कितीही खाल्ले तरी सेल्फची बॅटरी शाबूत राहते. पेटी बंद हवी, पंखा नको, कारण पंखा खारी हवा आत ओढतो. बॅटरीचा प्रकार चार्जरवर निवडता आला पाहिजे. आमच्याकडे संध्याकाळी वीज मंद होते, तेवढ्या कमी दाबावरही तो चालला पाहिजे. बसवताना तो बॅटरीच्या डोक्यावर नको, बाजूला आणि वारा लागेल असा. बॅटरीजवळ प्रत्येक तारेला फ्यूज हवा. आणि ओल्या होडीत २३० व्होल्ट न्यायचे तर घराच्या टोकाला गळती दिसताच वीज तोडणारा स्विच हवाच हवा. त्या दुकानदाराने हे सारे शांतपणे समजावून दिले. जूनमध्ये मी विचारले असते तर तेव्हाही दिले असते. त्याने तर आपण होऊन विचारले होते. मान मी डोलावली होती.

तेरा हजारांची वस्तू आम्हाला मेलेल्या बॅटरीसकट चांगलीच महाग पडली. बचत गटाचे हप्ते आई अजून भरते आहे. त्याबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलेले नाही, आणि तेच मला अधिक लागते.

मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच शिकणारे. घरी आपला शब्द प्रमाण मानतात, म्हणून “मला कळले नाही” हे वाक्य आपल्याला सर्वांत जड जाते. वर्गात सर विचारतात, “कळलं का?” आणि आपण साठ माना एकदम डोलावतो. मीही डोलावत आलो. आता अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि तास संपला की विचारतो. मागच्या बाकावरून हसू येते, ते ऐकून घेतो.

पहिल्या चार्जरचा तो कागद मी फाडला नाही. माझ्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला आहे. आणि सुट्टीत घरी गेलो की रात्री होडीवर प्लग लावताना बाबा काठावरच्या मला मुद्दाम हाक मारतात, “काय रे, तरंगतेय हां होडी! लावू ना?”

“लावा, बाबा,” मी म्हणतो. चार्जरवरचा छोटा दिवा लागतो.