ठमीला काय होतंय?

कुत्रं घेऊन संध्याकाळी रस्त्यावर उतरलं की सल्ला मागावा लागत नाही. पुण्यात तर तो चार पावलं सोबत चालत येतो. इस्त्रीवाला म्हणतो, खाजतंय तिथं हळद-खोबरेल लावा. दूधवाल्याच्या मते दूध-चपातीवर वाढलेलं कुत्रं कधी आजारी पडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर एक ठेवून द्यायला सांगतात, 'पुन्हा भुंकली तर मला विचारा.' बागेत भेटणाऱ्या, लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या बाईंचं ठाम मत आहे की गावठीला काही शिकवता येत नाही, ते त्यांच्या रक्तातच नसतं. यातल्या कोणाला माझं नाव ठाऊक नाही. मी त्यांच्यासाठी 'ठमीची आई'.

ठमी गावठी. रंग बदामी, एक कान ताठ, दुसरा कायम विचारात पडलेला. सल्ला चालू असताना ती रस्त्याच्या कडेचं काहीतरी हुंगत उभी असते, आणि सल्ला देणाऱ्याचं लक्ष तिच्याकडे नसतं, माझ्याकडे असतं. मला खटकतं ते हेच. दुखणं असेल तर डॉक्टरकडे न्या, वागणं बिघडलं असेल तर ट्रेनर लावा, अशी आपण सरळ वाटणी करून टाकली आहे. ठमीला ही वाटणी मान्य नाही. तिच्याकडे बोलायला एकच साधन आहे, वागणं. पोट दुखलं तरी तेच, भीती वाटली तरी तेच, कंटाळा आला तरी तेच. त्यातलं काय ऐकायचं ते आपण ठरवतो आणि उरलेल्याला नावं ठेवतो : हट्ट, माज, खोड.

आषाढात हे फार दिसतं. दमट हवेत कान आतून ओले राहतात, तिथं यीस्ट वाढतं, खाज सुटते. कुत्रं डोकं झटकतं, सतरंजीवर कान घासतं, आणि पाहुण्यांच्या पोरानं कौतुकानं डोक्यावर हात ठेवला की गुरकावतं. घरात लगेच जाहीर होतं, 'हल्ली फार चिडकी झालीय.' कान उचलून आत नाक नेलं तर आंबूस वास येतो आणि चिडकेपणाचा उगम सापडतो. बूड जमिनीला घासत खोलीभर फिरणाऱ्या कुत्र्याला सगळे हसतात. गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी भरून आलेल्या असतात, त्या ठणकत असतात. आजवर शहाणी असलेली कुत्री एकाएकी घरात लघवी करू लागली तर ती सूड उगवत नसते. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, मधुमेह असू शकतो. आणि नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी भांडंभर पाणी पिऊ लागली, मलूल पडून राहिली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अशा वेळी 'उद्या बघू' म्हणायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

नाक ओलं म्हणजे तब्येत ठणठणीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नाक झोपेतून उठल्यावर कोरडं असतं, चाटल्यावर ओलं होतं, त्याच्यावर फारसं काही ठरत नाही. त्यापेक्षा वरचा ओठ उचलून हिरडी बघावी. ती गुलाबी हवी. बोटानं दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकट दिसली, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं, तर आपल्याकडे पहिला संशय गोचीडतापाचा. गोचीड कानामागे, पट्ट्याखाली, पायांच्या बोटांच्या बेचक्यात दडून बसते आणि एर्लिकिया किंवा बबेसियासारखे जंतू रक्तात सोडते. अंगाला हात लावून 'तापलीय' म्हणण्यात अर्थ नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपण ज्याला ताप म्हणून रजा टाकू, ती तिची रोजची तब्येत.

दूध-चपातीबद्दल जपून बोलायला हवं, कारण तिच्यामागे पिढ्यांची माया आहे. साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी दारातलं कुत्रं भाकरीच्या तुकड्यांवर जगायचं, हेही खरं. पण ते दिवसभर शिवारात हिंडून आणखी काय काय मिळवायचं ते आजीच्या हिशेबात नव्हतं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला तेवढंच मिळतं जेवढं आपण वाढतो. मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही आणि नुसत्या चपातीत प्रथिनं पुरत नाहीत. त्याहून मोठी काळजी आमटी-भाताची. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या लाल रक्तपेशी मोडतात. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा अंदाज २०२१मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडला. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा आणि चिंचगुळाची आमटी, दोन्ही आपल्या दृष्टीनं मायेच्या वस्तू, दोन्ही तिच्या वाटीपासून लांब. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली आयब्युप्रोफेनसारखी गोळी 'अर्धीच तर दिली' म्हणून देऊ नये. तिनं जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात.

काकांच्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीलाही एक इतिहास आहे. १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणारे लांडगे एका आवारात कोंडले होते, ते भांडत होते, आणि त्या भांडणातून 'अल्फा' नावाचा दादा जगाला मिळाला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं तो घरोघरी पोचवला. मग डेव्हिड मीच यांनीच रानातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं हिंडून १९९९मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं सत्ता बळकावावी लागत नाही, ती आई-बापांकडे असतेच. पुढे ते आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ही बातमी आमच्या सोसायटीपर्यंत पोचलेली नाही. इथं अजून कुत्र्याला 'बॉस कोण ते दाखवावं' लागतं, त्याच्याआधी जेवावं लागतं, दारातून त्याच्याआधी बाहेर पडावं लागतं. ठमीला यातून काय समजत असेल? एवढंच, की या घरात दाराशी रोज काहीतरी गडबड असते.

मारण्याचं खरं नुकसान गुरगुरण्याशी जोडलेलं आहे. कुत्रं चावण्याआधी पुष्कळ काही करून बघतं. मान फिरवतं, भूक नसताना ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, अंग ताठ करतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. हे कोणी वाचलं नाही तर गुरगुरतं. ती शेवटची सभ्य सूचना असते. गुरगुरण्यावर फटके मिळालेलं कुत्रं गुरगुरायचं सोडतं, भ्यायचं सोडत नाही. मग एक दिवस ते 'काही कारण नसताना' चावतं आणि घरातले शपथेवर सांगतात की आधी कधी नुसतं गुरगुरलंही नव्हतं.

तीच गत 'बघा, हिला कळलंय आपण काय केलंय ते' या लाडक्या वाक्याची. कान पाडलेले, नजर चुकवलेली, शेपूट पायांत. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये छापलेल्या प्रयोगात मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं, की तुमच्या कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला. अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या ओरडण्यावर होता. निर्दोष असून बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच अपराधी दिसला. चप्पल सकाळी कुरतडली आणि ओरडा संध्याकाळी मिळाला, तर ठमी चप्पल आणि ओरडा यांची सांगड घालत नाही. ती सांगड घालते माझं दार उघडणं आणि ओरडा यांची. शाबासकीलाही हाच नियम : बसली त्या क्षणी खाऊ, पाकीट शोधून फोडल्यावर नव्हे. आणि 'ये' म्हणून बोलवावं, आली की रागवावं, यासारखा तिला न येण्याचा धडा दुसरा नाही.

गावठीला शिकवता येत नाही म्हणणाऱ्या बाईंना मी कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्याबद्दल सांगितलं. त्यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतो. अनोळखी माणसानं दोन वाडग्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं, तर जी कुत्री जवळ यायला धजावली त्यांच्यातली बहुतेक दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. ज्यांना कोणी कधी 'सिट' म्हटलेलं नाही ती ही कुत्री. मात्र बरीचशी पुढे आलीच नाहीत. माणसाच्या हाताचा अनुभव कसा आहे यावर ते ठरत असणार. बाई म्हणाल्या, 'बंगाली कुत्री हुशार असतील.'

आपल्याकडे देवाशेजारी कुत्र्याला जागा आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर एक आहे. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि काही विधींत भुंकत भुंकत कोटंबा नावाच्या पात्रातलं अन्न तोंडानं खातात. मला तो विधी फार विलक्षण वाटतो. माणूस चार पायांच्या उंचीवर उतरतो, काही क्षण का होईना. त्या उंचीवरून मे महिन्यातला डांबरी रस्ता कसा लागतो ते कळायला भक्तीही लागत नाही. हाताचा पालथा पंजा काही सेकंद रस्त्यावर टेकवावा. आपल्याला टेकवत नसेल तर ठमीलाही चालवत नाही. घाम तिला जवळजवळ फक्त पंजांतूनच येतो, बाकी सगळी उष्णता जीभ काढून धापत बाहेर टाकायची असते.

रेबीजबद्दल मात्र लालित्य आवरून लिहायला हवं. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास कोणालाच जिवंत सोडत नाही, आणि लक्षणांआधी लस घेतली तर तो टळतो. चावलं, ओरखडलं, जखमेला लाळ लागली, की साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. मिरची, चुना, हळद काही नाही. कुत्रं घरचं होतं, पिल्लू होतं, ही सबब नाही. ठमीची लस दरवर्षी डॉक्टर सांगतील त्या तारखेला.

दिवाळीत ठमी न्हाणीघरात जाऊन बसते. तिथं पाण्याचा आवाज असतो आणि खिडकी लहान असते, निवड तिची आहे. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांबद्दल २०१८मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी एक लहानसा अभ्यास छापला, अवघ्या वीस कुत्र्यांचा. निम्म्यांना आवाजाची भीती होती आणि स्नायू-सांध्यांचं दुखणंही, निम्म्यांना नुसती भीती. दुखणाऱ्यांमध्ये भीती बऱ्याच उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली होती आणि ती जागांपर्यंत, इतर कुत्र्यांपर्यंत पसरलेली होती. दचकलं की अंग ताठतं, ताठलं की दुखरा सांधा कळवळतो, आणि आवाज आणि कळ एक होऊन बसतात. मला हे वाचून लगेच पटलं, कारण ठमी तरुणपणी सुतळी बॉम्बकडे ढुंकूनही बघत नसे.

कुत्री दुखणं लपवण्यात माझ्या आजीसारखी असतात, विचारलं की 'काही नाही गं' आणि हात कमरेवर. ठमी कधी कण्हली नाही. ती फक्त गाडीत उडी मारण्याआधी थोडी थांबू लागली. एकच गुडघा चाटत बसू लागली. बागेतल्या ओळखीच्या पिल्लावर खेकसली. काकांनी गुंडाळीची आठवण करून दिली.

डॉक्टरांनी तिला हात लावण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारला : जिना चढताना मागचा कोणता पाय आधी टाकते? घरात तीन मतं पडली. नवरा म्हणाला डावा. मुलगा म्हणाला उजवा, आणि वर 'मी रोज बघतो' असंही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, ती आधी माझ्याकडे बघते. मग मोबाइलवर चित्रीकरण केलं. ठमी दोन्ही मागचे पाय जोडून, सशासारखी टुणटुणत चढत होती. आम्ही त्याला तिचा उत्साह समजत होतो. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि थेट खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितलं.

आता जेवणाबरोबर दुखण्यावरची गोळी असते, ती पनीरच्या तुकड्यात लपवावी लागते. ठमी पनीर खाऊन गोळी स्वच्छ करून सोफ्याखाली ठेवते, आणि सासूबाई ती शोधून दुसऱ्या पनीरमध्ये घालतात. वजन थोडं उतरवलंय, गुळगुळीत फरशीवर सतरंज्यांची वाट केलीय. बागेतल्या पिल्लाशी पुन्हा सलोखा झालाय. न्हाणीघराचं दिवाळीत कळेल. पेपरवाल्यावरचं भुंकणं मात्र जसंच्या तसं आहे, आणि ते कुठं दुखतंय म्हणून, यावर घरात पुन्हा तीन मतं आहेत.