बॉनेटवरचे ओरखडे

दसरा जवळ आला की आपल्या समुद्रपूर तालुक्यात घरोघरी ट्रॅक्टर घासायला निघतो. मी पिकांचा माणूस, पण बांधावर उभा दिसलो की लोक बॉनेटही दाखवतात! एकाने जुना रंग चमकवायला 120 नंबरचा पॉलिशपेपर पाणी लावून चोळला. नंबर मोठा तितका पेपर बारीक, हे पुष्कळांना उलटे वाटते. रंगारी म्हणाला, सगळा ट्रॅक्टर रंगवा. सोयाबीन अजून शेतात उभे. पैसा आणायचा कुठून?

आपण आधी ओरखड्यावर नख फिरवून पाहावे. अडकले नाही, तर 1000, मग 1500, मग 2000 नंबरचा पाणपेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवावा. पाणी सढळ हवे. शेवटी रबिंग कंपाउंड. कडांना हात लावू नये, तिथे रंग पातळ असतो.

नख अडकले किंवा पत्रा दिसला, तर मात्र कंपाउंड वाया जाते. तेवढाच भाग 400 ने सपाट करावा, कोरडा करून त्याच दिवशी प्रायमर द्यावा, मग रंग. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. त्यावर युरियाचा चुरा पडला तर तो ओल धरतो आणि गंज लवकर चढतो.